ओल चोरपावलांनी येते

मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्या घराच्या तळघरात तुम्ही शेवटचं पाऊल कधी टाकलंत? दिवाळीच्या आधी आपण सगळं घर काढतो. माळे झाडतो, फडताळं रिकामी करतो, देवघरातली पितळी भांडी चिंचेनं लखलखीत करतो. तळघराची पाळी आली की मात्र 'ते पुढच्या रविवारी बघू' असं म्हणतो, आणि तो रविवार काही उगवत नाही. खाली जायचं म्हणजे अंधार, पाली, जळमटं आणि वर तो अवघड जिना. मग मोडकी खुर्ची, सासऱ्यांच्या जुन्या वह्या, लग्नकार्याची मोठी पातेली, जास्तीचं धान्य हे सगळं कुणाला तरी खाली ठेवायला लावून आपण दार ओढून घेतो.

आणि नेमकं तिथंच पाणी आपलं काम करीत असतं. गळकं छप्पर निदान टपटप आवाज तरी करतं, बादली ठेवायला लावतं. तळघरातली ओल तोंडातून शब्द काढत नाही. माजघरातला एखादा खांब तळाशी भुसभुशीत झाला, ओसरीचं दार एकाएकी चौकटीत अडकायला लागलं, म्हणजे मग घरात धावपळ सुरू होते. तोवर तिनं दहा-पंधरा वर्षं मुक्काम ठोकलेला असतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांनीही हे पान उलटू नये. पुण्याच्या पेठा, जुनं नाशिक, वाई, सातारा, सांगली, पैठण, कुठं ना कुठं तुमचं माहेर किंवा सासरचं मूळ घर असतंच. तिथं म्हातारी माणसं राहत असतात आणि त्यांना जिना उतरवत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला जाल तेव्हा बॅटरी आणि खडूचा तुकडा पिशवीत असू द्या.

जुन्या लोकांना ओल ठाऊक होती

आपल्या पणजोबांनी तळघर बांधलं ते ओल येणारच हे धरून. जोत्याचे घडीव दगड, मध्ये चुना, वर विटा किंवा पांढरी माती, खाली चोपलेला मुरूम आणि त्यावर शेणाचं सारवण. रस्त्याच्या बाजूला किंवा चौकाकडे दोन-तीन झरोके. जमिनीतून पाणी वर चढे, पण ते भिंतीत अडकून राहत नसे. चुना आणि माती दोन्ही सच्छिद्र. चढलेलं पाणी वाफ होऊन निघून जाई आणि झरोक्यातला वारा ती वाफ बाहेर नेई. भिंत ओली होई आणि वाळेही. दर वर्षी हा खेळ चाले आणि वाडा शंभर-दीडशे वर्षं उभा राही.

मग बिघडलं कुठं? आपल्या हातूनच, आणि तेही घर सुधारण्याच्या नादात.

पहिली गोष्ट म्हणजे रस्ता. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर, जुना न खरवडता. माझ्या ओळखीच्या एका वाड्यात पूर्वी तीन पायऱ्या चढून दिंडी दरवाजातून आत जावं लागे. आता एकच उरली आहे, बाकीच्या दोन रस्त्यानं गिळल्या. म्हणजे जे दगड पूर्वी उघड्या हवेत होते ते आज जमिनीखाली आहेत, आणि रस्त्याचं पाणी थेट त्यांच्या दरजांत शिरतं. झरोकेही रस्त्याच्या पातळीला आले. उंदीर-घुशी येतात, गटाराचा वास येतो, म्हणून आपणच ते विटा लावून बुजवले.

दुसरी गोष्ट फरशी. शेणाची जमीन गेली, शहाबादी आली. शहाबादीच्या सांध्यांतून तरी थोडी वाफ निघे. मग त्यावर गुळगुळीत चिनी मातीच्या टाइल्स बसल्या. खालच्या पाण्याला वर यायला वाट उरली नाही, तेव्हा ते बाजूला सरकलं आणि भिंत चढू लागलं. तिसरी गोष्ट सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट. ओल दिसते म्हणून गवंड्याला बोलावलं, त्यानं चुना खरवडून सिमेंट थापलं, दोन वर्षं भिंत कशी कोरडी ठणठणीत! पण आतलं पाणी काही नाहीसं झालेलं नसतं. ते सिमेंटच्या पाठीमागून वर चढतं आणि सिमेंट जिथं संपतं तिथं, म्हणजे बहुधा कडीपाटाच्या लाकडापाशी, बाहेर पडायला बघतं. या एका 'दुरुस्ती'नं जितक्या तुळया कुजवल्या असतील तितक्या पावसानंही कुजवल्या नसतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चौथी गोष्ट न्हाणी. पूर्वी विहिरीचं किंवा हौदाचं पाणी मोजून घागरीनं यायचं. पुण्यात तर अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं गेलं आणि हौदांत खेळलं. पण तेही हौदातून शेंदून वापरायचं पाणी. आज लाकडी मजल्यावर फ्लशचा संडास आहे, वॉशिंग मशीन आहे आणि सगळ्याची सांडपाण्याची नळी भिंतीतून, जमिनीखालून फिरवलेली आहे. ती नळी कुठून जाते हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

आधी खिडक्या, मग पाऊल

तपासणीला उतरण्याआधी एक गोष्ट अगदी गांभीर्यानं सांगते. फार दिवस बंद असलेल्या तळघरात, आणि पेवात तर मुळीच, दार उघडल्याबरोबर उतरू नका. साठवलेलं धान्य, कुजणारं लाकूड यांनी आतला प्राणवायू कमी झालेला असतो. दार, झडपा, झरोके दोन-चार तास उघडे ठेवा, शक्य तर पंखा वरून आत झोत जाईल असा लावा. दिवा विझत नाही म्हणजे हवा चांगली आहे, या जुन्या परीक्षेवर विसंबू नका. विषारी वायू असूनही दिवा जळत राहू शकतो. एकट्यानं उतरू नका, वर एक माणूस असू द्या. पेवात मात्र आपण उतरूच नये. आणि खाली पाणी साचलेलं दिसलं तर मेन स्विच बंद झाल्याशिवाय त्यात पाय घालू नका. मेन स्विचच खाली तळघरात असेल तर वायरमनला बोलवा, ते काम आपलं नव्हे.

आता उतरा. दिवा लगेच लावू नका, आधी नाकाला विचारा. कुबट, बुरशीचा वास येतो का? भिजलेल्या गोणपाटासारखा? की चक्क मोरीचा? कुबट वास म्हणजे ओल मुरलेली आहे, मोरीचा वास म्हणजे सांडपाण्याची नळी कुठं तरी फुटली आहे. पाच मिनिटांनी नाक सरावतं आणि मग वास कळत नाही, म्हणून पहिला श्वास महत्त्वाचा. घरात राहणाऱ्यांना हा वास येत नाही, पाहुण्यांना येतो. माहेरवाशिणीनं दारातच 'काय गं, कसला वास येतोय?' म्हटलं तर रागावू नका.

मग बॅटरी भिंतीवर समोरून न मारता भिंतीला चिकटवून तिरपी धरा. समोरच्या उजेडात सपाट दिसणारी भिंत तिरप्या उजेडात सगळे फुगे, पोपडे आणि उंचवटे दाखवते. रुपयाच्या नाण्यानं टकटक करीत जा. जिथं पोकळ, बद्द आवाज येतो तिथं गिलाव्यानं भिंतीचा हात सोडलेला आहे.

पांढरी, पिठासारखी किंवा कापसासारखी भुकटी दिसली तर तो लोणा. जमिनीतले आणि विटांतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. कपाळावरच्या गंधासारखी ती आडवी रेघ कुठवर आली आहे ते पाहा, पाणी तिथवर चढलेलं आहे. जमिनीतून चढणारी ओल सहसा दोन-तीन फुटांवर थांबते. त्याच्या फार वर डाग असेल तर पाणी दुसरीकडून येतं आहे असं समजा. लोणा ओल्या फडक्यानं पुसायचा नाही बरं का! तो विरघळून पुन्हा भिंतीतच जातो. कोरड्या कुंच्यानं झाडायचा, सुपलीत गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा.

लाकडासाठी आपलं गाद्या शिवायचं दाभण न्या. खांबाच्या बुडाशी, तुळई भिंतीत शिरते त्या टोकाशी, जिन्याच्या खालच्या पायरीला हलकेच टोचून बघा. चांगल्या सागवानात दाभण शिरत नाही. लोण्यासारखं आत गेलं तर ती खूण डोक्यात ठेवा आणि त्याच दिवशी घरात सांगा, कारण त्या खांबावर वरचं माजघर उभं आहे. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून लाकडाकडे गेलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. वाळवीला ओल हवी असते, औषध मारून ओल तशीच ठेवली तर ती परत येते.

बाहेरूनही एक फेरी मारा. वळचणीच्या पागोळ्या नेमक्या भिंतीच्या पायाशी पडतात का? पत्र्याचा पन्हळ फुटला आहे का? चौकातली फरशी घराकडे उतरती झाली आहे का? जोत्याच्या फटीतून पिंपळाचं रोपटं डोकावत असेल तर त्याला कुणी पाणी घालत नाही, तरी ते जगलं आहे, म्हणजे आत पाणी आहे. वरची पानं खुडून उपयोग नाही, मूळ दगड सरकवतं. ते गवंड्याकडूनच नीट काढवून घ्यायचं.

भिंत ओली कधी होते?

ओल कुठं आहे यापेक्षा ती कधी येते यावरून चोर पटकन सापडतो. आणि हे काम आपल्याइतकं चांगलं कुणालाच जमायचं नाही, कारण दिवसभर घरात आपण असतो.

पाऊस पडला की चार-सहा तासांत डाग गडद होतो आणि उघडीप झाली की फिका पडतो, असं असेल तर पाणी बाजूनं येतंय. रस्ता, पन्हळ, चौक तपासा. पाऊस सुरू होऊन तीन-चार आठवडे झाल्यावर भिंत ओलावते आणि पार मार्गशीर्षापर्यंत तशीच राहते, तर ते जमिनीतलं पाणी. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात थर असतात, त्यांवरच्या मुरमातून पाणी सावकाश वाहत राहतं आणि पाऊस थांबला तरी येत राहतं.

जून महिन्यात ढग भरून आले, हवा दमट झाली आणि पाऊस धड पडायच्या आधीच फरशीला घाम फुटला, तर ती गळती नव्हेच. तळघर थंड, बाहेरची हवा ओली, ती आत येऊन गार भिंतीवर पाणी होते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच. म्हणून गंमत बघा, उन्हाळ्यात आणि थंडीत झरोके सताड उघडे ठेवायचे, पण दमट, ढगाळ दिवशी मात्र बंदच बरे. लोणा असलेली भिंत तर नुसत्या पावसाळी हवेतलं पाणीही ओढून घेते, मिठाच्या बरणीत पावसाळ्यात पाणी सुटतं तशी.

आणि बाराही महिने, अगदी वैशाखातही, डाग हटत नसेल तर पाणी आभाळातलं नव्हे, घरातलं किंवा शेजारचं आहे.

माझ्या एका नणंदेचं सासर वाईला. तळघराच्या पश्चिमेच्या भिंतीवर ताटाएवढा डाग. दर वर्षी पाऊस सरला की गिलावा, दर वर्षी पुन्हा डाग. पुरुषमंडळी म्हणत, 'वाईचा पाऊस! यायचंच.' हिनं काय केलं, दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवरच डागाची लांबी-रुंदी लिहायला लागली. दर आठवड्याला बोटांनी मोजायची. वर्ष सरलं आणि तिच्या लक्षात आलं, की डाग सगळ्यांत मोठा होतो तो मे महिन्यात आणि मग गणपतीत. श्रावणातल्या मुसळधार पावसात जितका असतो त्याहून मोठा! मे महिन्यात आणि गणपतीत काय असतं? घर भरलेलं असतं. नातवंडं, पाहुणे, वीस-वीस माणसांच्या आंघोळी, धुण्याचे ढीग. म्हणजे पाणी न्हाणीचं. फरशी उकलली तर सांडपाण्याची नळी भिंतीत शिरते तिथं सांधा निखळलेला. इतकी वर्षं निम्मं पाणी गटारात आणि निम्मं वाड्याच्या पायात जात होतं. एका सांध्याचं काम, दोन दिवसांत झालं. भिंत वाळायला मात्र पुढची दोन वर्षं लागली. जाड दगडी भिंत वाळायची तर इतका वेळ लागतोच.

घरच्या घरी चार परीक्षा

पहिली, प्लॅस्टिकच्या तुकड्याची. ओल्या भिंतीचा हातभर भाग फडक्यानं कोरडा करा आणि त्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा. दोन दिवस हात लावू नका. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव आलं तर पाणी भिंतीतून येतंय. आपल्याकडच्या बाजूला थेंब जमले तर ते हवेतलं. पोपडे आलेल्या भिंतीवर पट्टी चिकटत नाही, तेव्हा त्यातल्या त्यात धड जागा पाहा. जमिनीवरही हीच परीक्षा चालते.

दुसरी, खडूच्या रेघेची. जमिनीखालचा हौद किंवा टाकी असेल तर रात्री पाणी भरून घ्या, येणारा आणि जाणारा दोन्ही नळ बंद करा, पाण्याच्या पातळीला रेघ मारा आणि झाकण घाला. सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलं असेल तर हौदाला चीर आहे. झाकलेल्या हौदातलं पाणी एका रात्रीत उडून जात नाही.

तिसरी, मीटरची. निजायच्या आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. रात्रभर नळाला पाणी असलं आणि सकाळी, कुणी तोंड धुवायच्या आत, आकडा बदललेला दिसला, तर मीटर आणि नळ यांच्यामध्ये कुठं तरी गळतं आहे. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या गावात हीच परीक्षा पाणी सुटलेल्या तासाभरात करा.

चौथी, रंगाची. बादलीभर पाण्यात जिलबीला घालतो तो खाण्याचा लाल रंग भरपूर कालवून मोरीत ओता आणि खाली डागाकडे लक्ष ठेवा. तासाभरात, कधी दुसऱ्या दिवशी, लाली दिसली की निकाल लागला. नाही दिसली म्हणून मोरी निर्दोष ठरत नाही, जाड भिंत रंग गाळून टाकते. फ्लशच्या टाकीतही थोडा रंग टाका. अर्ध्या तासात, साखळी न ओढता, भांड्यात रंग उतरला तर टाकी गळते आहे. हळद वापरू नका, ती तळाशी बसते.

चिरा असतील तर त्यावर आडवी कागदाची पट्टी खळीनं चिकटवा आणि तारीख घाला. पट्टी फाटली तर चीर वाढते आहे. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांत हे विशेष पाहायला हवं. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पायालाही तसंच हलवते.

पाणी भरलंच तर

पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हाच्या आठवणी अजून कितीतरी घरांत निघतात. सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगायला नको. पूर ओसरल्यावर आपला जीव उतावीळ होतो, कधी एकदा तळघर उपसून काढतो असं होतं. पण थांबा! बाहेरची जमीन पाण्यानं तुडुंब असते आणि भिंतीला बाहेरून रेटत असते, आतलं पाणीच त्या रेट्याला तोलून धरीत असतं. पंप लावून एका दमात तळघर रिकामं केलं तर भिंत आत कोसळू शकते. बाहेरचं पाणी पुरतं ओसरू द्या, मग फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी पुन्हा खुणेवर आलं असेल तर अजून घाई आहे. तसंच राहिलं असेल तर आणखी फूटभर. पंप डिझेलचा किंवा पेट्रोलचा असेल तर तो बाहेर उघड्यावर ठेवा, तळघरात मुळीच नको.

तळघर वाळवायला म्हणून आत शेगडी पेटवून दार लावून घेणं ही तर जिवाशी गाठ. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातं.

धान्य, मुलं आणि डास

ओलसर तळघरातलं धान्य आता तिथून हलवा. हलवणं शक्यच नसेल तर निदान कणग्या, डबे भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच, लाकडी फळ्यांवर ठेवा. शेंगदाणे किंवा मका यांना बुरशी आली तर 'वरचं काढून टाकलं, भाजून घेतलं' असं करू नका. त्या बुरशीचं विष शिजवून किंवा भाजून पुरतं जात नाही. टाकून द्या. जीव हळहळतो, पण टाकून द्या.

घरातल्या मुलाला पावसाळाभर खोकला, धाप आणि औषधानं तेवढ्यापुरतं बरं, असं चाललं असेल तर डॉक्टरांना तळघराच्या ओलीबद्दल आपण होऊन सांगा. दम्याला बुरशी मानवत नाही. जुन्या पातेल्यात, फुटक्या टबात खाली बोटभर स्वच्छ पाणी साचलेलं असेल तर त्यात डेंग्यूचे डास होतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पालथं करून कोरडं करायचं.

पिण्याचा नळ ओल्या भिंतीतून किंवा मोरीच्या नळीला लागून जात असेल तर ते काम आजच काढा. नळाला पाणी असतं तेव्हा ते फटीतून बाहेर गळतं. पाणी गेलं की तीच फट बाहेरची घाण आत ओढून घेते. मग पहिल्या पाण्याला वास येतो आणि घरात कावीळ, जुलाब.

'आत्ता कशाला?'

सगळं शोधून काढलंत, तरी खरी अडचण पुढंच. वाडा सामाईक, चुलतसासऱ्यांची पाच घरं, खर्च कुणी करायचा? किंवा आपण भाडेकरू, मालक म्हणतात वाडा पडू दे, बिल्डरला द्यायचाच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे घर राहण्याजोगं राखणं ही मालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस वाट पाहिल्यावर भाडेकरूला दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या वाड्यांची भाडी बघता त्यात सिमेंटचं एक पोतंही यायचं नाही, हे मलाही कळतं. तरी नोटीस द्याच. उद्या काही झालं तर तो कागद बोलतो.

घरातल्या कर्त्या पुरुषांशी बोलायचं तर 'मला वाटतं भिंत ओली आहे' एवढ्यावर कुणी हलत नाही. तारखा, मापं, मोबाईलवर काढलेले फोटो समोर ठेवा. दाभण हातात द्या आणि म्हणा, 'अहो, जरा इथं टोचून बघा.' माझ्या अनुभवात या दाभणाइतकं प्रभावी बोलणं दुसरं नाही.

मात्र काही खुणा दिसल्या तर वाटाघाटी बंद. भिंतीला पोट सुटलेलं, दारं एकाएकी अडकू लागलेली, नव्या चिरांतून माती झरते आहे, लाकूड करकर वाजतं आहे, असं असेल तर त्या खोलीत त्या रात्री कुणीही झोपायचं नाही. आधी मुलं आणि म्हातारी माणसं हलवा, मग नगरपालिकेला कळवा. पावसाळ्याच्या तोंडावर पालिका धोकादायक घरांना नोटिसा देते, ती नोटीस फाडून टाकायचा कागद नव्हे.

इतर वेळी आधी नळकाम करणाऱ्याला बोलवा, मग गवंड्याला. बरेच जण उलट करतात. पाणी बंद झाल्याशिवाय भिंतीला हात लावणं म्हणजे पैसे पाण्यात. लाकूड पोकळ लागलं असेल तर दोघांच्याही आधी अभियंता, आणि शक्यतो जुन्या चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेला. गवंड्याला तीन गोष्टी विचारा. सिमेंट काढून पुन्हा चुन्याचाच गिलावा करणार का? दरजा चुन्यानं भरणार का? बुजवलेले झरोके उघडून जाळी बसवता येईल का? तो 'आता चुना कोण करतं वहिनी' म्हणाला तर दुसरा शोधा. चुन्याचं काम करणारे अजून आहेत, जुन्या देवळांच्या दुरुस्तीवर चौकशी केली तर सापडतात. काम काढायचं ते दिवाळीनंतर, थंडीत. चुन्याला सावकाश वाळणं मानवतं, भर उन्हात तो तडकतो. आणि रंगाचं दुकान भिंतीवर लावायला कुठलाही चकचकीत डबा देऊ लागलं तर तो घेऊ नका. चुन्याची सफेदी द्या आणि दोन उन्हाळे भिंतीला तशीच राहू द्या.